पुढे, पुढे, मान्य

माझं डोकं गरम आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बाई बसलेली दिसली की अर्धी गिऱ्हाइकं पायरीवरूनच विचारतात, "मिस्त्री कुठे गेले?" पहिल्या वर्षी मी हसून उत्तर द्यायचे. आता म्हणते, "मेले. मी त्यांचं भूत. दाखवा, काय बिघडलंय." अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझ्या कामाला नाव ठेवणारा माणूस जन्मला नव्हता, आणि जन्मला असता तर मी त्याला दुकानात उभा केला नसता.

माझी बढाई एकच होती, वेग. लॅपटॉपवर काहीही चढवायला घेतलं की पडदा दहा प्रश्न विचारतो. हे करू का, ते पाठवू का, अमुक अटी मान्य आहेत का. ते वाचत बसलं तर दिवसाला दोन गिऱ्हाइकं होतील. आमच्या धंद्यात कुणीच वाचत नाही. पुढे, पुढे, पुढे, मान्य. एका हातात चहा, नजर रस्त्यावर. चार मिनिटांत लॅपटॉप पिशवीत आणि गिऱ्हाईक खूश. बाजारात मला "चार मिनिटवाली" म्हणायचे आणि मला ते फार आवडायचं.

त्या मंगळवारी दुपारी धाकटी आली तेव्हा मी एका कीबोर्डमधून मेलेल्या मुंग्या काढत होते. धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून अकरा महिन्यांनी लहान. शाळेत आम्ही एकाच वर्गात, एकाच बाकावर. गणिताच्या पेपरला सगळ्या पोरी उत्तरावर आडवा हात धरून लिहायच्या, ही मात्र हात बाजूला घेऊन पेपर माझ्याकडे सरकवायची. मी गणितात पास झाले ती तिच्या जिवावर. आता ती घरी बसून डॉक्टरांच्या नोंदी टाइप करते. हातांवर पोट तिचं, आणि उजवा हात स्कार्फमध्ये गुंडाळलेला.

मी स्कार्फ सोडला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळंनिळं, दुप्पट सुजलेलं.

"दारात सापडली," ती म्हणाली.

"दार दोनच बोटं निवडून चावतं होय? मी काय दूधखुळी आहे?"

मग ती खाली बसली, माझ्या सुट्या भागांच्या खोक्यावर, आणि सगळं बोलली. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. आम्ही घरात त्यांना "लिफ्टवाले" म्हणतो. माणूस लाघवी. कुणाच्याही घरी गेला की आधी म्हातारीकोतारी हेरून त्यांच्या पाया पडणार. मुलीवर जीव ओवाळून टाकणारा. मुलगी सात वर्षांची, आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी बसत नाही. मागच्या वर्षी भिंगरी शाळेचं काम लॅपटॉपवर करायला लागली, तेव्हा हे स्वतः लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले होते. "ताई, पोरीला वाईटसाईट काही दिसायला नको, मुलांच्या रक्षणाचं काहीतरी घालून द्या." मी दिलं. वर धाकटीला फोन करून म्हणाले, बाप असावा तर असा.

आता धाकटी सांगत होती की बाप असा आहे. दोन वर्षं मारतोय. चेहऱ्यावर नाही, चेहरा लोकांना दिसतो. पोटात, पाठीत, मांड्यांवर. पाना गुंडाळलेल्या टॉवेलने. एकदा ती पोलिसांत गेली होती, त्यांनी पाणी दिलं आणि नवऱ्याला फोन केला.

"मला का नाही बोललीस?" माझा आवाज चढला.

"तू त्याचं इतकं कौतुक करायचीस, ताई."

तोंडात मारल्यासारखं झालं. मी मुंग्यांचा कीबोर्ड उगाच उलटा आपटला.

"आता मी निघणार आहे," ती म्हणाली. "भिंगरीला घेऊन. पण त्याला सगळं कळतं. सोमवारी मी दुसऱ्या गावातली एक खोली बघितली, नुसती लॅपटॉपवर. संध्याकाळी त्याने भिंगरीला गॅलरीत पाठवलं, काच लावली आणि मला त्या गल्लीचं नाव विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. त्याने माझी बोटं टेबलाच्या खणात धरली आणि खण गुडघ्याने ढकलला. मग स्वतःच नाव सांगितलं. बरोबर होतं. भाडंसुद्धा बरोबर होतं. मी नोंद पुसली होती, ताई. बघितल्या बघितल्या पुसली होती."

ती रडत नव्हती. मी रडत होते.

मी लॅपटॉप ओढून घेतला. असली तक्रार माझ्याकडे आठवड्याला चार वेळा येते. काल चपला शोधल्या, आज जिकडेतिकडे चपलांच्याच जाहिराती, ताई, माझ्यावर कुणाची पाळत आहे का? त्याला माझं ठरलेलं औषध आहे: ब्राउझर बदला. जुन्या ब्राउझरमध्ये चार-पाच आगंतुक चिकटलेले असतात, कुपनवाले, खेळवाले, तेच सगळं बघत असतात. नवा, चांगला ब्राउझर घातला की ते मागे राहतात. धाकटीच्या ब्राउझरमध्येही तसले तीन निघाले. मला इतका आनंद झाला की मी टेबलावर थाप मारली.

"हे बघ तुझे चोर! यातूनच बघतोय तो."

मी जुना ब्राउझर उपटून टाकला, नवा चढवला, नवे परवलीचे शब्द ठेवले. व्हायरस शोधणारं चालवलं. पडद्यावर हिरवी खूण आली, सगळं स्वच्छ.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "पण तो ब्राउझरमधूनच बघतोय कशावरून? दुसरीकडे कुठे काही असलं तर?"

आणि मी, अठरा वर्षांची अनुभवी, काय बोलले? "तू मला शिकवणार? मी तुला डॉक्टरांच्या नोंदी कशा टाइप करायच्या ते सांगते का?"

तिने स्कार्फ पुन्हा बोटांभोवती गुंडाळायला घेतला. ती नेहमीच गप्प बसायची.

"आता बिनधास्त कर काय करायचं ते," मी म्हटलं. "ब्रह्मदेवाच्या बापालाही कळायचं नाही. पण इथे येत जाऊ नकोस, त्याला संशय येईल. घरूनच कर. मला लिहायचं ते त्याच लॅपटॉपवरून लिही, फोन तो तपासतो ना."

तिने तसंच केलं. तिने माझं ऐकलं, हेच तर आहे सगळं. बुधवारी तिने तिकडची दुसरी खोली पक्की केली. गुरुवारी दोन तिकिटं काढली, शनिवारच्या सकाळी अकराच्या बसची. शुक्रवारी मला लिहिलं, "साडेदहाला घरून निघते. तो शनिवारी सकाळी लांबच्या कामावर असतो." मी लिहिलं, "मी स्टँडवर येते. घाबरू नकोस. मी आहे ना." त्या आठवड्यात त्याने तिच्यावर हातही उगारला नाही. मी म्हटलं, बघ, आंधळा झाला. ती म्हणाली, हो गं ताई. आम्ही दोघी खूश होतो.

शनिवारी मी दुकान लवकर उघडलं. साडेदहाला शटर ओढून निघणार होते. एका जुन्या रेडिओची तार सुटली होती, ती डाग देऊन जोडायला डागणी तापत ठेवली होती. साडेदहाला दहा कमी असताना दारात सावली पडली. मी मान वर न करता म्हटलं, "आज दुकान बंद आहे."

"घरच्यांनाही?"

लिफ्टवाले उभे होते. कामाचे निळे कपडे, खांद्यावर हत्यारांची पिशवी. उजव्या हाताची बोटं सोललेली आणि बाहीवर ओलं लाल.

"या ना," मी म्हटलं.

त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली, आतून मोठा पाना काढला आणि अगदी शांतपणे काउंटरची काच फोडली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. काचा माझ्या मांडीवर, केसांत. मग खिशातून फोन काढून माझ्या तोंडासमोर धरला.

"वाचा, ताई. मोठ्याने वाचा."

फोनवर फोटो होते. धाकटीच्या पडद्याचे. नव्या ब्राउझरमधली खोली, तिचा पत्ता, दाराचा रंग. दोन तिकिटं. एकाखाली एक, तारीख-वेळेसकट, दर दोन मिनिटांना एक फोटो. शेवटचा माझाच निरोप होता. "घाबरू नकोस. मी आहे ना."

"कसं काय?" मी म्हटलं. त्या क्षणीही माझ्यातली मिस्त्रीण आधी जागी झाली, शरम वाटते सांगायला. "मी ब्राउझर बदलला होता."

ते हसले. खरोखर, पोटातून हसले. "ब्राउझर कसला बदलता? माझा माणूस घरात आहे आणि तुम्ही खिडकीचे पडदे बदलताय. आणि ठेवला कुणी तो घरात? तुम्हीच! मुलांचं रक्षण. ज्या दिवशी घातलंत त्याच दिवसापासून मला फोटो येतात. मी काही सांगितलं नव्हतं हं, ताई. मी फक्त पोरीसाठी मागितलं होतं. पहिल्या दिवशी फोटो आले तेव्हा मलाच नवल वाटलं. म्हटलं, काय काम आहे बाईंचं!"

मला आठवलं. चहा होता हातात. रस्त्यावर कुणीतरी कुणाशी तरी भांडत होतं, मी ते बघत होते. पडद्याने विचारलं असणार: सगळ्या वापरणाऱ्यांवर नजर ठेवायची? पडद्याचे फोटो पालकांच्या फोनवर पाठवायचे? व्हायरस शोधणाऱ्यापासून लपवायचं? पुढे. पुढे. पुढे. मान्य. ते ब्राउझरमध्ये नव्हतंच, खाली मशीनच्या मुळाशी बसलं होतं. वर कुठलाही ब्राउझर घाला, त्याला सगळं दिसणार. हिरवी खूण आली कारण तपासणाऱ्याला तिकडे बघू नकोस म्हणून मीच सांगून ठेवलं होतं. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि ते कुंपण मी.

"धाकटी कुठे आहे?" मी विचारलं.

"सुरक्षित आहे. दोघी आहेत." त्यांनी पिशवीतून एक किल्ली काढून बोटावर फिरवली. तिकोनी तोंडाची, लिफ्टचं दार बाहेरून उघडायची. "लवकरच निघाली होती, पावणेदहालाच. फार हुशार. पण लिफ्ट माझ्या हातातली ना. चौथ्या-पाचव्याच्या मध्ये आहेत. ना वर, ना खाली. आत जाऊन थोडं समजावलं मी तिला. पोरीच्या समोर समजावायचं नव्हतं, पण पोर हात सोडेना."

"काय केलंस तिला?" मी तुम्हीवरून तूवर कधी आले ते मला कळलं नाही.

त्याला कळलं. त्याने माझे केस मुठीत धरले आणि माझं तोंड फुटलेल्या काउंटरवर आपटलं. गालात काच घुसली. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा नाकात काहीतरी कटकन मोडलं आणि तोंड रक्ताने भरलं. "तूच फितवलीस तिला," तो कानाशी बोलत होता, आणि आवाज अजूनही तसाच, घरातल्या म्हाताऱ्यांशी बोलायचा तसा. "तुला आधी सांगावं म्हटलं. बहिणीचं काय झालं ते बहिणीला आधी कळायला हवं. आता तुला गप्प करतो आणि मग परत जाऊन लिफ्ट सोडतो. वरून. ब्रेक काढून."

पाना वर गेलेला मला दिसला. तो खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी आधी ऐकला, दुखलं नंतर. डावा हात लुळा पडला. उजवा हात काउंटरवर चाचपडत होता आणि त्याला डागणीची मूठ सापडली.

मी ती त्याच्या मानेत खुपसली. खोटं कशाला बोलू, विचार करून खुपसली. कुठे लागेल ते बघून. कातडं चरचरलं, वास आला, तो गुरासारखा ओरडला आणि केस सुटले. मी सोडलं नाही. त्याने हात आडवा घातला, हातावर दाबली. तो मागे सरकला, काचांवरून घसरला, गुडघ्यावर आला. खाली जुनी बॅटरी पडली होती, दहा-बारा किलोची, एरवी मी ती एका हाताने उचलू शकत नाही. त्या दिवशी उचलली. त्याच्या डोक्यावर घातली. तो आडवा झाला. मी पुन्हा उचलायला वाकले, आणि आता मी त्याला मारूनच टाकणार होते. मला थांबवलं ते चांगुलपणाने नव्हे. काचांत पडलेल्या त्या तिकोनी किल्लीने थांबवलं.

किल्ली घेतली, बाहेर आले, शटर खेचलं, कुलूप घातलं. शेजारचा चष्मेवाला दारात येऊन उभा होता, पांढराफटक.

"आत माणूस आहे," मी म्हटलं. "उघडायचं नाही. मेला तरी उघडायचं नाही. पोलिसांना बोलवा आणि ॲम्ब्युलन्स त्यांच्या बिल्डिंगवर पाठवा."

"कुणाच्या बिल्डिंगवर?"

"माझ्या बहिणीच्या!" मी किंचाळले आणि पळत सुटले.

त्यांची बिल्डिंग दोन चौक पुढे. लोक रस्त्यातून बाजूला होत होते, माझा अवतारच तसा होता. जिने चढताना खांद्याचं हाड आतल्या आत घासत होतं आणि मी मोठमोठ्याने शिव्या देत होते, त्याला, स्वतःला, जिन्याला. चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार बंद. दाराच्या वरच्या कोपऱ्यात बारीक भोक असतं, हे त्यानेच मला कधीतरी जेवताना कौतुकाने सांगितलं होतं. किल्ली घातली, फिरवली, दार उजव्या हाताने सरकवलं.

समोर काळी पोकळी, आणि माझ्या छातीच्या उंचीवर लिफ्टची जमीन. जमिनीवरून रक्त खाली ओघळून भिंतीवर आलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर दोन छोटे बूट होते, पट्टा सुटलेले.

"भिंगरी!"

बूट हलले. ती वाकून बघायला लागली. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि तिने तोंडावर बोट ठेवलं.

"मावशी, हळू बोल. बाबांना ऐकू जाईल."

ती लॅपटॉपच्या पिशवीवर बसली होती. दोन्ही हातांनी पिशवीची चेन घट्ट दाबून. "मी याच्यावर बसले आहे," ती कुजबुजली. "म्हणजे त्यांना दिसणार नाही. आई झोपली आहे. तिच्या तोंडातून दात पडले, मी खिशात ठेवलेत."

मी आत चढले. एका हाताने कशी चढले, मला विचारू नका. धाकटी कोपऱ्यात होती, गुडघे पोटाशी घेऊन. तिचा जबडा एका बाजूला सरकलेला. एक डोळा बंद, दुसरा उघडा आणि माझ्याकडे बघणारा. जिवंत होती. मी तिच्या शेजारी पडले आणि रडले, अगदी मोठ्याने, आणि भिंगरी सारखी म्हणत राहिली, मावशी, हळू.

तो मेला नाही. डोक्याला अठरा टाके आणि मानेवर डाग. त्याच्यावर गुन्हा आहे, माझ्यावरही आहे, होऊ दे. पोलीसबाई म्हणाल्या, आज आत आहे, पण जामिनावर सुटूही शकतो. तुमच्या बहिणीने तोवर कुठेतरी जायला हवं, जिथे तो पोचणार नाही. अशी एक जागा आहे, आम्ही पोचवू.

हॉस्पिटलमध्ये धाकटीचा जबडा तारांनी बांधून ठेवला होता, डावा हात प्लास्टरमध्ये होता. बोलता येत नव्हतं. उजव्या हाताच्या तीन चांगल्या बोटांत पेन्सिल धरून ती वहीत लिहायची. भिंगरी तिच्या पायांशी झोपायची. मी रोज जायचे, हात गळ्यात बांधलेला, नाकावर पट्टी, दोघी बहिणी एकमेकींना शोभत होतो. मी बडबड करायचे. जेवणाचं, भिंगरीच्या शाळेचं, चष्मेवाल्याचं. तिला अजून माहीत नव्हतं. तो तिला लिफ्टमध्ये काही बोलला नव्हता, तिथे तो फक्त मारत होता. तिला वाटायचं, त्याने कुठून तरी कुणा हुशार माणसाकडून काहीतरी करून घेतलं असेल. पहिल्याच दिवशी तिने वहीत लिहिलं होतं, "तुझी चूक नाही. तू ब्राउझर बदललास ना."

पाच दिवस मी ते वाक्य गिळलं. ती कधीच विचारणार नव्हती. मी गप्प बसले असते तर पुढच्या जन्मापर्यंत ती मला सख्खी ताई मानून राहिली असती. पण पोलीसबाई कागद घेऊन आल्या त्या सकाळी मला राहवेना. त्यांच्यासमोरच मी बोलले.

"धाकटे, ते मी घातलं होतं. मुलांचं रक्षण म्हणून. त्याने मागितलं आणि मी न वाचता घातलं. ब्राउझरचा काही संबंधच नव्हता. तू विचारलंस, तेव्हा मी तुझ्यावरच डाफरले. तुझे दात माझ्यामुळे गेले. तुझी बोटं माझ्यामुळे गेली. सगळं माझ्यामुळे."

तिने उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. भिंगरीने झोपेत कूस बदलली. मग धाकटीने वही ओढली आणि लिहिलं. मला वाटलं शिवी असेल, मला शिवीच हवी होती. लिहिलं होतं: "किती वेळ लागला?"

"चार मिनिटं," मी म्हटलं.

तिने मान हलवली, जसं काही तिला फक्त तेवढंच माहीत करून घ्यायचं होतं. पोलीसबाईंनी तिच्यापुढे कागद ठेवला. "इथे लिहायचं, बाई, कुठे जायचं ठरवलंत ते. तीन जागा सांगितल्यात, त्यातली एक. माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही."

धाकटीने पेन्सिल टेकवली. मग थांबली. प्लास्टरमधला डावा हात तिने हळूहळू उचलला, आणि कागदावर आडवा धरला. वर्गातल्या सगळ्या पोरी धरायच्या तसा.

मला तिथून एक अक्षरही दिसत नव्हतं. तरी मी उठले आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, तिचं लिहून होईपर्यंत.